महाल आणि वाडा (शब्दार्थ)

महाल आणि वाडा हे मराठी भाषेतील दोन अनेकार्थी शब्द आहेत. 'मोठे व ऐश्वर्यसंपन्न घर' या एका अर्थापुरते ते परस्परांच्या जवळ येतात. इतर अर्थांमध्ये मात्र त्यांचे क्षेत्र पूर्णपणे वेगळे आहे. महाल हा शब्द राजनिवास, घरातील मोठे दालन, राज्यकारभारातील खाते, महसुली विभाग आणि गावाच्या जमीनमहसुलाचा स्वतंत्र हिस्सा अशा अर्थांनी वापरला गेला आहे. वाडा हा शब्द जनावरांसाठी कुंपण घातलेली जागा, मेंढपाळांचा तळ, चौकबंद घर आणि एखाद्या समाजाची वस्ती या अर्थांनी रूढ आहे. नागपूर शहराच्या जुन्या भागाचे नावच महाल असून त्या भागात अनेक वाडे आहेत. त्यामुळे या दोन शब्दांतील संबंध व भेद तेथे विशेष स्पष्टपणे दिसतो. ऐतिहासिक पत्रे, जमिनीचे जुने कागद आणि कायदे वाचताना या अर्थांची सरमिसळ झाल्यास मजकुराचा आशयच बदलतो.

व्युत्पत्ती

महाल हा शब्द अरबी भाषेतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मुळाशी 'उतरणे, मुक्काम करणे' या अर्थाचा अरबी धातू आहे. त्यापासून बनलेल्या 'महल' या नामाचा मूळ अर्थ 'उतरण्याची जागा, स्थान' असा होतो. मोहल्ला हा शब्दही याच धातूपासून आलेला आहे. अरबीत 'महल' हे एकवचन व 'महाल' हे त्याचे अनेकवचन होय. फारसी राजव्यवहारात 'महल' हा शब्द राजनिवासासाठी आणि 'महाल' हा शब्द महसुलाच्या स्थानांसाठी अधिक प्रमाणात वापरला जाऊ लागला. मराठीत मात्र 'महाल' हे एकच रूप दोन्ही अर्थांसाठी रूढ झाले आणि मुळातील वचनभेद विसरला गेला.

'महा' व 'आलय' यांच्या संधीतून महाल हा शब्द तयार झाला, असे अनेकदा सांगितले जाते. ही लोकव्युत्पत्ती आहे. 'महालय' हा स्वतंत्र संस्कृत शब्द असून भाद्रपदातील पितृपक्षाच्या संदर्भात तो आजही परिचित आहे. महाल या शब्दाशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे.

वाडा हा शब्द संस्कृत 'वाटक' या शब्दापासून प्राकृतमार्गे आला आहे. 'वाट' किंवा 'वाटक' म्हणजे कुंपण, अथवा कुंपणाने वेढलेली जागा. दोन स्वरांमधील 'ट' चा प्राकृतात 'ड' होतो आणि शेवटच्या 'अक' चा मराठीत 'आ' होतो. 'घोटक' या शब्दापासून 'घोडा' हा शब्द ज्या रीतीने तयार झाला, त्याच रीतीने 'वाटक' पासून 'वाडा' झाला. 'वाटिका' या स्त्रीलिंगी रूपापासून 'वाडी' आली. रस्ता या अर्थाचा मराठी 'वाट' हा शब्द वेगळा आहे. तो संस्कृत 'वर्त्मन्' या शब्दाशी संबंधित असून कुंपणवाचक 'वाट' शी त्याचे नाते नाही.

या दोन व्युत्पत्तींतूनच पुढील अर्थभेद निर्माण झाला आहे. महाल या शब्दाचे बीज 'स्थान' हे आहे, तर वाडा या शब्दाचे बीज 'कुंपण' हे आहे.

महाल या शब्दाचे अर्थ

राजनिवास व दालन: राजाचे किंवा श्रीमंताचे निवासस्थान हा महाल या शब्दाचा आज सर्वाधिक परिचित अर्थ होय. ताजमहाल, रंगमहाल, शीशमहाल ही सामासिक रूपे त्यातूनच आली. मराठीत या अर्थाची आणखी एक छटा आढळते. संपूर्ण इमारतीऐवजी इमारतीतील एखादे सजवलेले मोठे दालन, असाही महाल या शब्दाचा अर्थ होतो. पुण्याच्या शनिवारवाड्यातील गणेश रंगमहाल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. उत्तर हिंदुस्थानात हा शब्द राजस्त्रियांच्या किताबांतही आला. मुमताज महल, हजरत महल व जीनत महल या नावांतील 'महल' हा शब्द इमारतीचे नाव नसून त्या स्त्रीच्या पदाचा निदर्शक आहे.

खाते: शिवकालीन राज्यव्यवस्थेचे वर्णन करताना 'अठरा कारखाने व बारा महाल' असा उल्लेख येतो. येथे महाल म्हणजे राजवाडे नव्हेत, तर राज्यकारभारातील खाती होत. प्रचलित यादीनुसार पोते, सौदागीर, पालखी, कोठी, इमारत, वहिली, पागा, सेरी, दरुनी, थट्टी, टंकसाळ आणि छबिना हे ते बारा महाल होते. पोते म्हणजे खजिना, थट्टी म्हणजे गोठा, टंकसाळ म्हणजे नाणी पाडण्याची जागा आणि छबिना म्हणजे रात्रीचा पहारा. या यादीतील दरुनी महाल म्हणजे राणीवसा. राजनिवासाशी प्रत्यक्ष संबंध असलेले हे खाते बारांपैकी केवळ एक आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गोठ्यालाही महाल म्हणता येत होते, कारण तेथे महाल म्हणजे हिशेब ठेवण्याचे स्वतंत्र स्थान असा अर्थ अभिप्रेत होता.

महसुली विभाग: मोगल व्यवस्थेत सुभा, त्याखाली सरकार आणि त्याखाली परगणा किंवा महाल अशी उतरंड होती. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात सुभ्यांची माहिती याच क्रमाने दिलेली आहे. महाल हा बहुधा भूप्रदेश असे. परंतु बाजार, जकात यांसारख्या उत्पन्नाच्या बाबींचाही स्वतंत्र महाल असू शके. मराठी राज्यात ही संज्ञा पुढे चालू राहिली. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात तालुक्याहून लहान विभागाला महाल म्हणत आणि त्यावरील अधिकाऱ्याला महालकरी म्हणत. गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्याचे नाव गोधरा, दाहोद, हालोल, कालोल व झालोद या पाच महालांवरून पडले आहे. हा मुलूख शिंद्यांकडून १८६१ मध्ये ब्रिटिशांकडे गेला. या नावाचा पाच राजवाड्यांशी काहीही संबंध नाही.

महसुलाचा हिस्सा: उत्तर हिंदुस्थानात १८२२ व १८३३ च्या नियमांनी जी जमीनमहसूल पद्धत आकाराला आली तिला महालवारी म्हणतात. तीत महाल म्हणजे सरकारशी महसुलाचा स्वतंत्र करार असलेले क्षेत्र होय. असे क्षेत्र एक गाव असे, अनेक गावांचे मिळून असे, किंवा गावाचा एक भागही असे. मध्य प्रांतात १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावांवर मालकी हक्क देण्यात आले. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा या भागांतील जुन्या कागदांत याच अर्थाने महाल हा शब्द येतो. वाटण्या होत गेल्यामुळे एकाच गावात दोन किंवा अधिक महाल असणे ही तेथे नेहमीची बाब होती.

वाडा या शब्दाचे अर्थ

जनावरांची कुंपण घातलेली जागा: हा मूळ अर्थाला सर्वांत जवळचा अर्थ आहे. गुरांचा वाडा, मेंढवाडा हे शब्द ग्रामीण भागात आजही वापरात आहेत. मोकाट जनावरे अडकवून ठेवण्याच्या जागेला कोंडवाडा म्हणतात. धनगर समाजात वाडा या शब्दाचा आणखी एक अर्थ रूढ आहे. मेंढरे घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा समूह व त्यांचा तळ यांनाही वाडा म्हणतात. हा वाडा एका जागी राहत नाही. चारा संपला की तो पुढच्या रानात जातो. चिरेबंदी वाड्याची स्थिर प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवून 'वाडा हलला' हे वाक्य वाचल्यास त्याचा अर्थ लागणार नाही.

चौकबंद घर: मधल्या उघड्या चौकाभोवती सोपे, ओसरी, माजघर व खोल्या, बाहेरून भक्कम भिंत आणि पुढे देवडी व दिंडीदरवाजा अशी रचना असलेल्या घराला वाडा म्हणतात. या रचनेत घर आतल्या बाजूस उघडे व बाहेरच्या बाजूस बंद असते. कुंपणाचा मूळ अर्थ येथे भिंतीच्या रूपाने टिकून आहे. पहिल्या बाजीरावाने बांधलेल्या शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतील बहुतेक बांधकाम नष्ट झाले, पण बाहेरचा तट आणि दरवाजे राहिले. राजाच्या वाड्यासाठी राजवाडा हा शब्द आहे. कोल्हापुरात जुना राजवाडा व नवा राजवाडा ही नावे आजही रूढ आहेत. वाडा ही केवळ वास्तू नसून घराण्याची प्रतिष्ठा असते, या जाणिवेतून हा शब्द साहित्यातही आला. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे विदर्भातील देशपांडे घराण्यावरील नाटक याच अर्थाभोवती उभे आहे.

वस्ती: एका व्यवसायाच्या किंवा एका जातीच्या लोकांची गावातील अथवा शहरातील वस्ती हा वाडा या शब्दाचा महत्त्वाचा अर्थ आहे. कुंभारवाडा, गवळीवाडा, कोष्टीवाडा, ब्राह्मणवाडा, महारवाडा, मांगवाडा ही त्याची उदाहरणे होत. गोव्यात गावाच्या प्रत्येक पोटभागाला वाडा म्हणतात. मुंबईतील कोळीवाड्यांच्या बाबतीत या शब्दाच्या व्याप्तीला व्यावहारिक महत्त्व आहे. कोळीवाडा म्हणजे केवळ राहती घरे, की मासळी सुकवण्याची व जाळी विणण्याची मोकळी जागाही त्यात येते, हा प्रश्न सीमांकनाच्या वेळी उपस्थित होतो.

वस्तिवाचक अर्थाची दुसरी बाजू सामाजिक विषमतेची आहे. पारंपरिक गावरचनेत पाटील किंवा देशमुख यांचा वाडा गावाच्या मध्यभागी व महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर असे. एकच शब्द अधिकाराच्या जागेसाठी आणि बहिष्काराच्या जागेसाठी वापरला जात होता. पहिल्या ठिकाणी भिंत आतील माणसांचे रक्षण करी, तर दुसऱ्या ठिकाणी न दिसणारे कुंपण त्यांना गावापासून वेगळे ठेवी. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचे ठरले. हा निर्णय वाडा या शब्दाविरुद्ध नसून त्याला जोडलेल्या जातिवाचक पूर्वपदाविरुद्ध आहे.

प्रदेश व स्थलनामे: मराठवाडा या नावात वाडा हा शब्द विस्तृत प्रदेशासाठी आला आहे. पालघर जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव केवळ वाडा असे आहे. वाडी हे रूप सावंतवाडी यांसारख्या गावांच्या नावांत आणि कोकणातील गावांच्या पोटभागांच्या नावांत आढळते. नागपूरजवळही वाडी नावाचे गाव आहे.

नागपूरचा महाल

नागपूर हे नगर देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवले. पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांच्या काळात ते भोसल्यांच्या सत्तेचे केंद्र झाले. भोसल्यांचे राजवाडे ज्या भागात उभे राहिले तो भाग महाल या नावाने ओळखला जाऊ लागला. तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये हे राज्य ब्रिटिशांनी खालसा केले. काळ्या दगडात बांधलेला आणि लाकडी कोरीवकामाने सजवलेला भोसल्यांचा मोठा राजवाडा १८६४ मध्ये आगीत जळाला व त्याचे मोठे प्रवेशद्वार तेवढे शिल्लक राहिले. ज्या वास्तूमुळे नाव पडले ती वास्तू गेली, तरी नाव मात्र टिकले. आज महाल म्हणजे गांधी गेट, कोतवाली, बडकस चौक, केळीबाग रस्ता आणि टाऊन हॉल यांच्या परिसरातील दाट वस्तीचा व बाजारपेठेचा भाग होय.

सरदार, कारभारी व सावकार यांनी राजवाड्याच्या आसपास आपली घरे बांधली. त्यामुळे महालात वाडे आहेत. मोहितेवाडा हे त्यांतील एक प्रसिद्ध नाव. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ मध्ये महालात झाली आणि त्याच्या सुरुवातीच्या काळातील शाखा मोहितेवाड्याच्या मैदानावर भरत असे. पुण्याच्या शनिवारवाड्यात महाल हा वाड्याचा एक भाग आहे, तर नागपुरात वाडे हे महालाचा भाग आहेत. दोन शहरांतील हा उलट क्रम महाल या शब्दाच्या दालन आणि स्थलनाम या दोन भिन्न अर्थांमुळे संभवतो.

'ते महालात राहतात' या वाक्याचा अर्थ नागपूरकरांच्या दृष्टीने 'ते शहराच्या महाल या भागात राहतात' एवढाच होतो. तेथे राहणारे कुटुंब एका खोलीतील भाडेकरूही असू शकते. इतर ठिकाणच्या वाचकाला हेच वाक्य श्रीमंतीचे निदर्शक वाटेल.

मालगुजारी निर्मूलन आणि दोन शब्द

या दोन शब्दांतील भेद सर्वांत स्पष्टपणे मालगुजारीच्या इतिहासात दिसतो. मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर असताना तेथे स्वामित्व हक्क निर्मूलनाचा कायदा झाला. १९५० च्या या कायद्याच्या शीर्षकातच इस्टेटी व दुमाला जमिनी यांच्या जोडीला 'महाल' हा शब्द आहे. ३१ मार्च १९५१ पासून त्याची अंमलबजावणी झाली. शीर्षक वाचून राजवाडे सरकारजमा करण्याचा हा कायदा असावा, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात तो मालगुजारांचे गावावरील मालकी हक्क संपवणारा कायदा होता.

विदर्भातील खेड्यांत मालगुजाराच्या घराला वाडा म्हणत. कागदोपत्री त्याच्या ताब्यातील महसुली क्षेत्राला महाल म्हणत. कायद्याने महाल शासनाकडे आले. राहती घरे आणि घरशेतीची जमीन यांना मात्र वेगळी तरतूद लागू झाली व ती पूर्वीच्या मालकांकडे राहिली. म्हणजे महाल गेला तरी वाडा राहिला. मालगुजारांच्या काळातील तलावही शासनाकडे आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत त्यांना आजही माजी मालगुजारी तलाव किंवा संक्षेपाने 'मामा तलाव' म्हणतात. गावकऱ्यांचे सरपण, चराई, पाणी यांवरील निस्ताराचे हक्क जुन्या नोंदींवरून ठरवताना महाल हा शब्द पुन्हा पुन्हा समोर येतो. अशा नोंदीत तो घर या अर्थाने वाचल्यास हक्काची जागाच चुकते.

अर्थांची तुलना

दोन्ही शब्दांच्या अर्थविस्ताराची दिशा वेगळी आहे. वाडा हा शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपासून निघाला. आधी कुंपण, मग कुंपणातील जनावरे किंवा माणसे, मग त्यांचे घर आणि अखेर त्यांची वस्ती असा त्याचा क्रम लावता येतो. प्रत्येक अर्थात 'आतले' आणि 'बाहेरचे' असा भेद राहतो. महाल हा शब्द 'जागा' या व्यापक कल्पनेपासून निघाला. राजाची राहण्याची जागा, कामाचे खाते आणि उत्पन्न मोजण्याची जागा या त्याच्या शाखा झाल्या. त्यांना जोडणारे सूत्र सत्तेचे आहे. मेंढपाळाचा वाडा असतो, पण मेंढपाळाचा महाल नसतो. याउलट जकातीचा महाल असू शकतो, पण जकातीचा वाडा म्हटल्यास ती केवळ इमारत ठरेल.

इंग्रजी भाषेतही अशीच समांतर उदाहरणे सापडतात. 'पॅलेस' हा शब्द रोममधील पॅलेटाइन या टेकडीच्या नावावरून आला. त्या टेकडीवर सम्राटांची निवासस्थाने होती. तेथे स्थलनामापासून राजवाड्याचे नाव तयार झाले, तर नागपुरात राजवाड्यापासून स्थलनाम तयार झाले. 'कोर्ट' या शब्दाचा मूळ अर्थ वेढलेले अंगण असा असून पुढे त्याला राजदरबार, न्यायालय व खेळाचे मैदान हे अर्थ आले. 'टाऊन' या शब्दाचे मूळही कुंपणवाचक आहे. त्याचाच जर्मन भाषेतील भाऊबंद असलेला शब्द आजही कुंपण याच अर्थाने वापरला जातो. कुंपणापासून वस्तीपर्यंतचा वाडा या शब्दाचा प्रवास त्यामुळे एकट्या मराठीचा विशेष ठरत नाही.

संदर्भावरून अर्थनिश्चिती

अनेकार्थी शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून ठरतो. या दोन शब्दांच्या बाबतीत पुढील खुणा उपयोगी पडतात.

१. महाल या शब्दाजवळ परगणा, तर्फ, जमाबंदी, वसूल किंवा महालकरी हे शब्द असल्यास तो महसुली विभाग समजावा.

२. महाल या शब्दाजवळ मालगुजार, हिस्सा, मौजा हे शब्द असल्यास तो गावाच्या महसुलाचा हिस्सा समजावा.

३. महाल या शब्दाजवळ कारखाने, पागा, कोठी, टंकसाळ हे शब्द असल्यास ते राज्यकारभारातील खाते समजावे.

४. वाडा या शब्दाच्या पूर्वपदी जातीचे किंवा व्यवसायाचे नाव असल्यास बहुधा वस्ती, आणि आडनाव किंवा पदनाम असल्यास बहुधा घर अभिप्रेत असते. कुंभारवाडा ही वस्ती, तर मोहितेवाडा हे घर होय.

५. वाडा या शब्दाबरोबर मेंढरे, गुरे, चारा यांचा उल्लेख असल्यास जनावरांची जागा किंवा मेंढपाळांचा तळ समजावा.

व्याकरण

दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. महाल या शब्दाचे अनेकवचन महाल असेच राहते. त्यामुळे एक महाल की अनेक, हे क्रियापदावरून किंवा संख्याविशेषणावरून ओळखावे लागते. त्याचे सामान्यरूप 'महाला' असे होते. जसे महालात, महालाचा. वाडा या शब्दाचे अनेकवचन वाडे व सामान्यरूप 'वाड्या' असे होते. जसे वाड्यात, वाड्याचा. वाडी या स्त्रीलिंगी शब्दाचे अनेकवचनही वाड्या असेच होते. म्हणून 'वाड्यांत' हे रूप वाडा या शब्दाचे आहे की वाडी या शब्दाचे, याचा निर्णय वाक्याच्या संदर्भावरूनच करावा लागतो.